भात खाऊन अंग भरते काय?



गेले चार दिवस या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, अवकाशसंशोधन आणि पाणीवाटप अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. आज पाचव्या दिवशी मी तुमच्यापुढे भाताचे पातेले घेऊन उभा आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा ‘शरीरसंवर्धन आणि आहारशास्त्र’ असे एखादे भरघोस नाव सांगून मला वेळ मारून नेता आली असती. परंतु असल्या नावाखाली वक्त्याला सगळे काही बोलता येते आणि श्रोत्याच्या पदरात काहीच पडत नाही, हा श्रोता म्हणून माझा जुना अनुभव आहे. म्हणून प्रश्न सरळच ठेवला: भात खाऊन अंग भरते काय? भरत असेल तर कोणता भात, कशाबरोबर आणि किती? आणि ज्याला स्वयंपाकाला वेळ नाही, जागा नाही, घरी वाढणारे कोणी नाही, त्याने तो कसा करावा?

मी डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत व्यायामशिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर पोलीसभरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पळवतो. त्यामुळे माझे ज्ञान थोडे पुस्तकातले आणि पुष्कळसे वहीतले आहे. ही वही म्हणजे मुलांची वजने, छातीची मापे आणि ती काय खातात याची टिपणे. आजचे बोलणे त्या वहीतूनच निघाले आहे.

दोन वर्षांपूर्वी मावळातला एक तरुण माझ्याकडे आला. वय बावीस, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा, एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. पोलीस शिपायाच्या भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर आणखी पाच सेंटिमीटर वाढावी लागते. याची भरली ७७. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. परंतु त्या बोटभर रुंदीपलीकडे नोकरी, बहिणीचे लग्न आणि बापाचे कर्ज एवढे सगळे उभे होते. तो पळण्यात कोणाला हार जाणारा नव्हता. गोळाफेकीत मात्र सव्वासात किलोचा गोळा त्यालाच फेकून देतो की काय, असे बघणाऱ्याला वाटे.

मी विचारले, “खातोस काय?” तो म्हणाला, “सर, भात पूर्ण बंद केलाय.” अभिमानाने म्हणाला. जिथे तो वजने उचलायला जात असे, तिथे कोणीतरी त्याला सांगितले होते की भाताने नुसते पोट सुटते, दंड भरत नाहीत. तेव्हा त्याने ओट्स, पांढरे पाव आणि पगाराचा चांगलाच लचका तोडणारा पावडरीचा डबा असा आहार सुरू केला होता. दोन महिन्यांत वजन दोन किलोने उतरले होते. घरी असताना आई दोन वेळा ताट भरून भात वाढायची, तो सुटला. ओट्स घशाखाली उतरेनात. आणि पावडरीचा एक चमचा दिवसभर पुरवायचा, कारण डबा संपला की दुसरा कुठून आणायचा? पोरगा अंग कमवायला निघाला होता आणि उपास काढीत होता.

आता भातावरचा हा राग नवा नाही. आपल्याकडे ‘भातखाऊ’ हा शब्द शिवीसारखाच वापरतात. घाटावरचा माणूस कोकणातल्या माणसाला हसतो, पंजाबी माणूस दोघांना हसतो. या हसण्याला एकदा शास्त्राचाही आधार मिळाला होता. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन या संशोधकाने १९२० च्या दशकात उंदरांचे गट केले आणि हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांतले लोक जे खातात ते एकेका गटाला खायला घातले. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले, त्यांच्यामागून पठाणांच्या आहारावरचे, आणि तिसरा नंबर मराठ्यांच्या आहाराचा लागला. (आपला नंबर ऐकून काही चेहरे उजळलेले मला इथून दिसतात!) सर्वांत मागे राहिले ते मद्रासकडच्या भाताच्या आहारावरचे. झाले, भात म्हणजे दुबळेपणा, हे समीकरण पक्के झाले. परंतु त्या ताटांत आणखी काय होते, तेही पाहिले पाहिजे. शिखांच्या ताटात गव्हाबरोबर दूध, लोणी, डाळ, भाज्या आणि अधूनमधून मांस होते. मद्रासच्या गरीब ताटात सडलेला पांढरा तांदूळ ढीगभर आणि बाकी सगळे नावापुरते होते. दूध नाही, डाळ जेमतेम. हरला तो भात एकटा पडला म्हणून हरला. याच प्रयोगशाळेची पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि ती १९५८ साली हैदराबादला गेली. तिचे नाव मला पुन्हा घ्यावे लागणार आहे.

उलट बाजूचा पुरावाही हवा ना? मग बंगालकडे पाहा. १९५१ साली मनतोष राय आणि १९५२ साली मनोहर आइच यांनी लंडनमध्ये आपापल्या गटात ‘विश्वश्री’चा किताब मिळवला. दोघेही भात-मासळीच्या मुलखातले. मनोहरबाबूंची उंची पाच फुटांच्या आत. परंतु त्यांचे दंड पाहून लोक त्यांना खिशात मावणारा हर्क्युलिस म्हणत. वयाची शंभरी ओलांडून ते २०१६ साली वारले. आणि जपानचे सुमो मल्ल घ्या. ते पहाटे उपाशीपोटी सराव करतात आणि नंतर मासळी, कोंबडी, सोयाबीनचे पनीर आणि भाज्या यांचे मोठे पातेलेभर कालवण भाताबरोबर खाऊन झोपतात. त्यांच्यासारखा देह आपल्याला नको आहे, हे कबूल. पण भाताने वजन वाढत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा सुमो मल्लाच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घ्यावा.

तेव्हा मुद्दा असा की भात हा सरपणासारखा आहे. तो जळतो आणि काम करायला, व्यायाम करायला शक्ती देतो. घर बांधायला सरपण उपयोगी नाही, विटा पाहिजेत; आणि विटा म्हणजे प्रथिने. परंतु सरपण संपले तर माणूस थंडीच्या रात्री घराची दारे-खिडक्याच जाळू लागतो, हेही खरे. त्या मुलाचे तेच झाले होते. पोटात पुरेसे अन्न नव्हते, म्हणून महागड्या पावडरीतली प्रथिने शरीराने सरपण म्हणून जाळून टाकली.

हिशेब फार अवघड नाही. एखाद्या माणसाचे वजन जितक्या अन्नावर स्थिर राहते, त्याहून रोज साधारण ३०० ते ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि त्याबरोबर वजने उचलण्याचा किंवा दंड-बैठकांचा व्यायाम वाढत्या प्रमाणात ठेवला, तर अंग भरू लागते. वजन आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढावे. त्याहून फार घाई केली तर वाढते ते दंडात नव्हे, कमरेत. प्रथिनांचे म्हणाल तर साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम पुरतात. नेटाने वजने उचलणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, असे अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करून २०१८ साली मांडण्यात आले. त्या मुलाचे वजन आता ५० वर आले होते. पण आपण त्याचे मूळचे ५२ किलो धरू. म्हणजे त्याला रोज ८३ ग्रॅम प्रथिने हवीत आणि पाळीचे काम व व्यायाम धरून २७०० ते २८०० उष्मांक हवेत.

हे आकडे ऐकले की पोरे घाबरतात. मी त्याला मैदानाच्या कट्ट्यावर बसवले आणि वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले. मध्यम वाटीत कोरडे तांदूळ साधारण १५० ग्रॅम मावतात. सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी तांदळाचा भात खाल्ला, तर एक हजारावर उष्मांक तिथेच झाले आणि प्रथिनेही २३ ग्रॅमच्या आसपास आली. भातात प्रथिने अजिबात नसतात असे ज्याला वाटते, त्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. कोरडी तूरडाळ किंवा मूगडाळ दिवसभरात १०० ग्रॅम, त्यातून २२ ग्रॅम. अर्धा लिटर दूध, थोडे दूध म्हणून आणि थोडे दही म्हणून, त्यातून १६ ग्रॅम. दोन अंड्यांतून १२. मूठ-दीडमूठ शेंगदाणे, म्हणजे ५० ग्रॅम, त्यांतून आणखी १२. बेरीज करा, ८५ होते. त्याच्यावर न्याहारीचे पोहे, दोन केळी, भाजी आणि फोडणीचे तेल धरले की उष्मांकही पुरे होतात. या यादीत वाण्याकडे आणि दूधवाल्याकडे मिळत नाही असे काय आहे? मुलाने बेरीज दोनदा तपासली. त्याला वाटले असावे की मी कुठेतरी हातचा जास्त धरला.

या हिशेबातली सर्वांत मोठी गफलत डाळीत होते आणि तिच्यावर मला जरा थांबलेच पाहिजे. प्रथिने म्हणजे निरनिराळ्या मण्यांची माळ आहे असे समजा. शरीराला ती विशिष्ट क्रमाने ओवायची असते आणि काही मणी त्याला स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच घ्यावे लागतात. तांदळात लायसिन नावाचा मणी कमी. डाळीत तो भरपूर. डाळीत मिथिओनिन नावाचा मणी कमी. तांदळात तो पुरेसा. एक मणी संपला की बाकीचे कितीही उरले तरी माळ अडते. वरण-भात एकत्र आला की दोघांची उणीव भागते. आपल्या पूर्वजांनी हे रसायनशास्त्र शिकून ठरवले असे मी म्हणणार नाही; त्यांना ते रुचले, पचले आणि परवडले. पण जुळले मात्र उत्तम.

तथापि ही जोडी जमायला डाळ ताटात असली पाहिजे! तांदूळ तीन भाग तर डाळ निदान एक भाग, तेही कोरडे मोजून, असे प्रमाण पाहिजे. खानावळीत काय असते, ते इथल्या पुष्कळांनी विद्यार्थिदशेत पाहिलेले आहे. मी ज्या खानावळीत जेवत असे तिथल्या वरणात वाटीचा तळ स्वच्छ दिसे, आणि डाळीचा दाणा सापडला तर आम्ही एकमेकांना दाखवत असू. असल्या वरणाच्या चार वाट्या प्यायल्या तरी त्यातून हळद-मिठाच्या पाण्यापलीकडे काही मिळत नाही. म्हणून जो मुलगा खानावळीचा डबा खातो त्याला मी सांगतो की भात डब्यातला खा, पण डाळ, उसळ किंवा अंडी यांपैकी एक गोष्ट स्वतः शिजव.

“शिजवू कधी, सर?” हा पुढचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. दोन वाजता पाळी सुटते, तीनला माणूस खोलीवर येतो, चारजणांत एक शेगडी. त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडलेले आहे. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली ‘इकमिक कुकर’ काढला होता. एकावर एक डबे, खाली निखारे, आणि वाफेवर भात, डाळ, मांस, भाजी सगळे एकदम शिजायचे. आज घरोघरी असलेला शिट्टीचा कुकर त्याच कुळातला. खालच्या डब्यात भिजवलेली डाळ, मधल्यात तांदूळ, वरच्यात बटाटा किंवा धुतलेली अंडी. डाळ आणि तांदूळ व्यायामाला जाण्यापूर्वी भिजत घालावे, परत आल्यावर कुकर चढवावा. आंघोळ होईपर्यंत शिट्ट्या होतात. डाळीवर तेल-लसणीची फोडणी घातली की संपले. भांडी तीन. ज्या स्वयंपाकाची भांडी घासायला माणूस कंटाळतो तो स्वयंपाक आठवड्याच्या वर टिकत नाही, म्हणून भांड्यांचा हिशेब उष्मांकांइतकाच महत्त्वाचा आहे.

रोज वरण-भात खाऊन माणूस कंटाळेल, हेही मान्य. मग मूगडाळीची खिचडी घ्या, पण आजाऱ्याची नव्हे. तांदूळ आणि डाळ समसमान घाला, शंभर-शंभर ग्रॅम. एका पातेल्यात तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. वर तूप, बाजूला दही. पातेले एक, शिट्ट्या तीन. मसालेभातात तोंडल्याऐवजी किंवा तोंडल्याबरोबर सोयाबीनच्या वड्या घाला. कोरड्या ५० ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि दुसरी कोणतीही वस्तू इतक्या थोड्या पैशांत इतके देत नाही. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या नाहीत तर त्यांचा वास येतो आणि मग लोक सोयाबीनला नावे ठेवतात, दोष पिळणाऱ्याचा. कोकणातल्या मंडळींना कुळथाचे पिठले आणि भात सांगायला नकोच. ते दहा मिनिटांत होते आणि कुळीथ तुरीच्या तोडीचा आहे. मटकीची उसळ भातात कालवून खावी. बांगडा खाणाऱ्याने बांगड्याचे कालवण करावे. ज्याला मासळी साफ करायचा कंटाळा, त्याने अंड्याची भुर्जी करून भातावर पसरावी. अंगाखाली उन्हाळा तापला असेल तर दहीभात आणि त्यावर दाण्याची चटणी, पण चटणी चमचाभर नको, चांगली तीन-चार चमचे घ्या.

आणि पोहे! पोहे म्हणजे भातच आहे, कोणीतरी आधी शिजवून, चेपून, वाळवून आपल्या हाती दिलेला. त्याला शेगडीही लागत नाही. रात्रपाळी करणाऱ्याने डब्यात जाड पोहे, गूळ आणि शेंगदाणे न्यावेत. दूध किंवा दही तिथे मिळाले की पाच मिनिटांत पोटभर खाणे होते. कांदेपोह्यांत मात्र आपण शेंगदाणे शोभेपुरते टाकतो, प्रत्येक घासाला एक लागेल न लागेल असे. ते मूठभर टाकावेत. दुकानात तयार पुलावाची पाकिटेही मिळतात, गरम पाण्यात ठेवली की झाले. त्यांना माझी हरकत नाही, प्रवासात मीही खाल्ली आहेत. पण पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात प्रथिनांचा आणि मिठाचा आकडा असतो तो चष्मा लावून वाचावा. बहुतेक वेळा प्रथिने थोडी आणि मीठ पुष्कळ, असा तो व्यवहार असतो. बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही घेतले तर निभावते.

तांदूळ कोणता घ्यावा, यावर आमच्या मैदानावर नेहमी वाद होतो. एकजण कुठेतरी वाचून येतो की पांढरा तांदूळ विष आहे, तपकिरी तेवढा खावा. तांदळाचा कोंडा काढल्याने नुकसान होते, हे खरेच आहे आणि त्याची कथा मोठी गमतीची आहे. जावा बेटावर आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले. मग काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होते. पुढे नवा आचारी आला आणि मुलकी कोंबड्यांना लष्करी भात घालायला त्याने साफ नकार दिला, तेव्हापासून त्या साध्या, न सडलेल्या तांदळावर होत्या. आचाऱ्याच्या हट्टातून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट निघाली आणि १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आचाऱ्याला काय मिळाले ते ग्रंथांत नाही.

पण अंग भरू पाहणाऱ्या मुलाची अडचण निराळी असते. त्याला जास्त खायचे असते आणि कोंड्याचा तांदूळ लवकर पोट भरवतो, चावायलाही वेळ लागतो. त्याला मी कोकण-गोव्याकडचा उकडा तांदूळ सुचवतो. भात कांडण्यापूर्वी उकडल्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वे बरीचशी दाण्यात मुरतात आणि सडल्यावरही टिकतात. ज्याला उकड्याचा वास सोसत नाही त्याने आपला इंद्रायणी खुशाल खावा. तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून निघाला, म्हणजे त्या मुलाच्या गावचाच म्हणायचा. मऊ होतो, दुधा-ताकात कालवता येतो, भूक नसली तरी पोटात जातो. तांदूळ दोनदा धुवावेत, सातदा नको. आणि पेज काढली तर ओतून देऊ नये, मीठ घालून प्यावी.

पावडरीबद्दल बोललो नाही तर मुले म्हणतील, सरांनी पळवाट काढली. बहुतेक डब्यांत असतात ती दुधाच्या निवळीतली प्रथिने. ती चांगली असतात, चुना नव्हे. परंतु राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळाव्यात असाच सल्ला दिला आहे. माझे म्हणणे त्याहून व्यवहारी आहे. ज्याचे दोन वेळचे ताट भरलेले आहे आणि तरी दहा-वीस ग्रॅम कमी पडतात, त्याने ऐपत असेल तर खात्रीच्या ठिकाणची पावडर घ्यावी. ज्याने तिच्यासाठी दूध आणि अंडी बंद केली तो फसला. सुईने दंड फुगवून देणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. त्या वाटेने गेलेले दोन तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या आईबापांनाही पाहिले आहे. सभेत त्यापेक्षा जास्त बोलवत नाही.

आता शिळ्या भाताकडे येतो. हा विषय मी माझ्याच चुकीने शिकलो. एका शिबिरात सकाळी मुलांना लवकर खायला मिळावे म्हणून मी रात्रीच मोठे पातेलेभर भात शिजवून झाकून ठेवला. उन्हाळ्याचे दिवस. सकाळी कडकडीत फोडणी देऊन वाढला. दोन-तीन तासांत अकरा मुलांना उलट्या सुरू झाल्या आणि मला वाटले, फोडणीच्या तेलात काही दोष. दोष भातात होता, म्हणजे माझ्यात. कोरड्या तांदळावरच एका जातीच्या जंतूंची बीजे असतात, ती उकळीलाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात, वाढतात आणि विष तयार करतात. आणि ते विष एकदा झाले की पुन्हा कितीही तापवा, जात नाही. भाताला वास येत नाही, तारही सुटत नाही, त्यामुळे नाक उपयोगी पडत नाही. मुले संध्याकाळपर्यंत उठून बसली. मी मात्र त्यानंतर पुष्कळ रात्री नीट झोपलो नाही.

म्हणून दोन वेळचा भात एकदम करायचा असेल तर उरलेला ताटात पसरून पंख्याखाली लवकर निववावा, तासा-दीडतासात फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवून संपवावा. खोलीत फ्रीज नसेल तर शिजवावा तेवढाच खावा. कोरडे तांदूळ-डाळ मोजून एका बरणीत ठेवले तर रोजचे मोजणे वाचते. डबा न्यायचा असेल तर सकाळी गरम भरलेला दुपारी खावा, रात्री नव्हे.

सभेत पांढऱ्या केसांची मंडळी बरीच दिसतात, त्यांच्यासाठी एक वाक्य. माझा हा सगळा हिशेब बावीस वर्षांच्या, हडकुळ्या, घाम गाळणाऱ्या मुलाचा आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी उद्यापासून दोन वाट्या तांदूळ चढवू नयेत आणि मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नाहीतर घरी गेल्यावर सूनबाईंना सांगाल, व्याख्यानमालेत ऐकून आलो!

खाण्याच्या वेळेविषयीही पोरांनी डोक्यात राख घालून घेतलेली असते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात खाल्ले नाही तर सगळी मेहनत वाया गेली, असे ती समजतात आणि धावत सुटतात. दिवसभराचा हिशेब पुरा होणे महत्त्वाचे. तीन-चार खाण्यांत प्रथिने साधारण सारखी वाटली आणि व्यायामाच्या दोन-अडीच तास आधी नीट जेवण झाले, तर आंघोळ करून सावकाश कुकर चढवायला हरकत नाही. आणि झोप हवी. पाळी बदलली की तिचे हाल होतात, त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

त्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. पहिल्या महिन्यात त्याने मला सांगितले की इतका भात जात नाही. मग आम्ही एक वाटी फोडून दोन वेळांत केली, दुपारचा दहीभात वेगळा काढला. दुसऱ्या महिन्यात खोलीतले इतर तिघे त्याच्या खिचडीला लागले आणि शेगडीचे भांडण मिटले. आता एकजण डाळ निवडतो, एकजण भांडी घासतो. सात महिन्यांनी वजन ५७ किलो भरले. छाती मी स्वतः मोजली, फीत दोनदा फिरवली: न फुगवता ८०, फुगवून ८५. मैदानी परीक्षेत तो उतरला. लेखी परीक्षेत तीन गुणांनी राहिला.

पुढच्या भरतीसाठी तो पुन्हा पहाटे येतो. हल्ली पळताना त्याच्या हातात कागदाची घडी असते, त्यावर सामान्यज्ञानाचे प्रश्न लिहिलेले असतात. परवा त्याने मला थांबवून विचारले, “सर, बेरीबेरी कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो?” मी म्हटले, “तू सांग.” त्याने बरोबर सांगितले.